सरसोंचा मध

मीनाक्षी देशकरने दार वाजवलं तेव्हा पावणेनऊ झाले होते. नीला शेंडे एका हाताने मुलीच्या, वीणाच्या, कानांवर लोकरीची टोपी ओढत होती आणि दुसऱ्या हाताने डब्याचं झाकण दाबत होती. बाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरच्या ब्लॉकचा जिनाही दिसत नव्हता. ऑफिसची बस नऊला कोपऱ्यावर यायची आणि कुणासाठी थांबायची नाही.

“नीला, एकच मिनिट,” मीनाक्षी म्हणाली. खालच्या मजल्यावर राहणारी ही अमरावतीची बाई. तिच्या हातात मधाची बाटली होती. “हे बघ ना. मागच्या महिन्यात घेतला तेव्हा चांगला पातळ होता. आता सगळा पांढरा पडलाय आणि आत नुसते खडे. काल आमच्या विनूला पोळीवर लावून दिला, तर त्याच्या तोंडातून रक्त आलं गं. ह्यात काच-बिच तर कुटून घातली नसेल?”

खरं तर नीलाला उत्तर ठाऊक होतं. खाद्यपदार्थ तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत ती नऊ वर्षं काम करत होती आणि दर हिवाळ्यात असा मध तिच्या टेबलावर यायचा. हा मध करनैल सिंगचा. खरडच्या पलीकडच्या गावचा, पन्नाशी ओलांडलेला हा शेतकरी लुधियान्याच्या कृषी विद्यापीठात मधमाश्या पाळायला शिकून आला होता आणि दर रविवारी सायकलवरून चंदीगडच्या एकोणचाळीस सेक्टरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये मध विकायला यायचा. थंडीत त्याच्याकडे सरसोंचा, म्हणजे मोहरीच्या फुलांवरचा, मध असायचा. सरसोंचा मध जमतोच. चांगल्या कढवलेल्या तुपाला धरतो तसा त्याला रवा धरतो. कोमट पाण्यात चमचाभर टाकला की रवा विरघळून जातो. काच काही विरघळत नाही. हे मीनाक्षीला दाखवायला दोन मिनिटं लागली असती.

पण बस यायची होती. शिवाय बाहेर कुठेही, कुठल्याही वस्तूबद्दल तोंडी मत द्यायचं नाही, असा ऑफिसचा सक्त नियम होता. आणि आणखी एक गोष्ट होती, जी नीलाने पुढे कितीतरी दिवस कुणालाच सांगितली नाही. बाटलीतले ते खडे बघताना, अगदी क्षणभर, तिच्या मनात येऊन गेलं होतं, असेलही. पंजाबात दहशतवादाचे दिवस होते; गेल्या पावसाळ्यात अतिरेक्यांनी बसमधल्या माणसांना गोळ्या घातल्या होत्या. रोज सकाळी वर्तमानपत्रात मेलेल्यांचे आकडे असायचे. बाजारात बेवारस रेडिओ दिसला तरी, आत बाँब असेल म्हणून, माणसं रस्ता बदलायची. तसल्या दिवसांत, कुणाच्याही हातून काहीही होऊ शकतं, हा विचार मनात कधी शिरून बसला होता ते तिलाही कळलं नव्हतं.

“नुसतं बघून कसं सांगू, मीनाक्षी? तपासल्याशिवाय काही सांगता येत नाही,” ती म्हणाली. “तोवर विनूला देऊ नकोस.”

आणि वीणाचा हात धरून ती जिना उतरली.

हे झालं मंगळवारी. बुधवारी दुधाच्या बूथवर एका बाईने तिला विचारलं, “मॅडम, सुना है शहद में कुछ निकला है?” नीला म्हणाली, “नहीं, ऐसा कुछ नहीं है,” पण बूथवाल्याने तेवढ्यात खिडकी उघडली, रांग पुढे सरकली आणि बोलणं तिथेच राहिलं. गुरुवारी वीणा शाळेतून आली ती थेट स्वयंपाकघरात. वीणा चंदीगडमध्येच वाढलेली. मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र हिंदी.

“मम्मी, अपना वाला शहद फेंक दो. सब कह रहे हैं उसमें शीशा है. और कह रहे हैं आपने टेस्ट किया है.”

“मी? मी कुठे टेस्ट केलंय?”

“सब कह रहे हैं,” वीणाने खांदे उडवले.

नीलाने तेव्हाच खाली जायला हवं होतं. ती दारापर्यंत गेलीही. पण खाली मीनाक्षीकडे चार-पाच बायका बसल्याचे आवाज येत होते. इतक्या जणींसमोर कसं बोलायचं, उद्या मीनाक्षी एकटी असताना सांगू, असं म्हणत ती परत फिरली. शुक्रवारी ऑफिसात उशीर झाला. शनिवारी वीणाला ताप होता. पुढे ही सगळी कारणं तिने स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून पाहिली. प्रत्येक कारण खरं होतं, आणि एकानेही तिला दिलासा मिळाला नाही.

रविवारी अकराच्या सुमारास ऊन पडलं. आठ दिवसांनी पडलेलं ऊन म्हणून सगळा ब्लॉक बाहेर आला होता. नीला गच्चीवर लोकरीचे कपडे वाळत घालत होती. तिला सायकलची घंटी ऐकू आली आणि पाठोपाठ तो ओळखीचा आवाज, “शहद लै लो जी, सरसों दा शहद!” एरवी ह्या हाकेनंतर दारं उघडायची. आज एकदम शांतता झाली. मग कुणीतरी ओरडलं, “पकड़ो इसे!”

तिने कठड्यावरून वाकून पाहिलं. दहा-बारा पुरुष सायकलभोवती जमले होते. त्यांतल्या बहुतेकांना ती ओळखत होती. रोज बॅडमिंटन खेळणारी, टाय लावून ऑफिसला जाणारी माणसं. करनैल सिंग सायकलचं हँडल धरून उभा होता आणि एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. काय झालंय हे त्याला कळलंच नव्हतं. कुणीतरी कॅरियरवरची टोपली ओढली. बाटल्या रस्त्यावर आपटून फुटल्या. कुणीतरी त्याची कॉलर धरली.

नीला धावत खाली आली. घराच्या दारात तिचा नवरा श्रीराम उभा होता. तो टेलिफोन खात्यात इंजिनिअर. मूळचा शांत, आणि ह्या दिवसांत आणखीच जपून वागणारा.

“कुठे निघालीस?”

“अहो, मारतायत त्याला. त्याच्या मधात काही नाहीये.”

“तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पण आपण बदलीवरची माणसं, नीला. आज ना उद्या जाऊ इथून. पोलिसांना बोलावलंय त्यांनी. पोलिस बघतील.”

“ते माझं नाव घेऊन मारतायत त्याला,” नीला म्हणाली आणि त्याच्या बाजूने निघून गेली.

ती खाली पोचेपर्यंत पोलिसांची जीप आली होती आणि करनैल सिंगला मागे बसवलंही होतं. त्याची पगडी सुटून खांद्यावर आली होती. तो ती दोन्ही हातांनी गोळा करायला धडपडत होता. नीला ओरडली, “सुनिए, रुकिए!” जीप निघाली. समोरच्या ब्लॉकमधले एक गृहस्थ हात झटकत तिच्याकडे आले. “थँक यू, मॅडम. आपने टाइम पर बता दिया, नहीं तो न जाने कितने बच्चे...”

“मैंने ऐसा कुछ नहीं कहा था,” नीला म्हणाली.

ते समजूतदारपणे हसले. सरकारी नोकरी आहे, कबूल कसं करणार, असं ते हसणं होतं. रस्त्यावर मध पसरला होता आणि त्यात फुटलेल्या बाटल्यांच्या काचा चमकत होत्या. आता त्या मधात खरोखरच काच होती.

नीला तिथून सरळ मीनाक्षीच्या घरात शिरली. मीनाक्षी स्वयंपाकघरात उभी होती, पांढरीफटक.

“ती बाटली दे,” नीला म्हणाली. “आणि एक ग्लास गरम पाणी.”

मीनाक्षीने दोन्ही तिच्यासमोर ठेवलं. नीलाने चमचाभर जमलेला मध पाण्यात टाकून ढवळला. दोघी बघत राहिल्या. रवा तळाशी गेला, कडांनी झिजत गेला, आणि थोड्या वेळात ग्लासात फिकट पिवळ्या पाण्याशिवाय काही उरलं नाही. नीलाने ते पाणी चहाच्या गाळणीतून ओतलं. गाळणी स्वच्छ.

“साखर आहे ही,” ती म्हणाली. “मधातलीच. बाहेरून घातलेली नव्हे.”

“मग विनूच्या तोंडातून रक्त?”

“त्याला इकडे बोलाव.”

पाच वर्षांच्या विनूने आ केला. खालच्या हिरडीला, मागच्या बाजूला, ब्रशचं टोक लागून पडतो तसा चरा पडला होता आणि तिथे लाल फोड आला होता. मीनाक्षी खुर्चीवर बसली. मग मान वर करून तिने विचारलं, “हे तू मंगळवारी का नाही केलंस?”

नीलाने गाळणी ओट्यावर ठेवली.

“मी तुला विचारायलाच आले होते ना? मला काय कळतं ह्यातलं? तू म्हणालीस, देऊ नकोस. मी सगळ्यांना तेवढंच सांगितलं. नीला म्हणाली देऊ नकोस.”

“ठाण्यावर चल माझ्याबरोबर,” नीला म्हणाली. “तुझी बाटली आहे, तू असायला हवीस.”

मीनाक्षीने एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं. तिचा नवरा दौऱ्यावर होता. “विनूला आणि वीणाला शेजारी ठेवते,” ती म्हणाली.

खाली श्रीराम स्कूटर काढून उभा होता. दोघींसाठी त्याने रिक्षा थांबवली आणि स्वतः स्कूटरवरून मागे आला.

ठाण्याच्या दाराशी वाळूच्या पोत्यांची भिंत होती. शिपायांनी दोघींच्या पर्स उघडून पाहिल्या, मधाच्या बाटलीचा वास घेतला, मग आत सोडलं. करनैल सिंग भिंतीजवळच्या बाकावर बसला होता. पगडी काढून घेतली होती. केसांवर नुसता लहानसा पटका होता आणि त्यामुळे तो अचानक म्हातारा दिसत होता. नीलाला पाहून त्याने सवयीने हात जोडले. ती कशासाठी आली आहे हे त्याला माहीत नव्हतं. तिने मान खाली घातली.

ठाणेदार थकलेला, सभ्य माणूस होता. त्याने ऐकून घेतलं. “मॅडम, यहाँ तो सब कह रहे हैं कि लॅबवाली मॅडम ने शीशा बताया. वो मॅडम आप ही हैं?”

“मीच. पण काच आहे असं मी म्हटलेलं नाही,” नीलाने हिंदीत सांगितलं. “मी तपासलंच नव्हतं. आज तपासलं. बघा.”

तिने चहाच्या ग्लासात गरम पाणी मागवलं. दोन शिपाई जवळ आले. रवा विरघळताना सगळे ग्लासावर वाकले होते. शेवटी एका शिपायाने बोट बुडवून चाटलं आणि मान हलवली.

“तो फिर जमता क्यों है?” ठाणेदाराने विचारलं. “हमारे घर में तो साल भर पतला रहता है.”

नीलाने समजावून सांगितलं. मधात मुख्यतः दोन साखरा असतात. त्यांतली एक पाण्यात सुखाने राहते. दुसरी, ग्लुकोज, फार झाली की पाण्यात मावत नाही. थंडी पडली की रवा होऊन बाहेर येते, आणि मधात तरंगणारे परागाचे बारीक कण तिला धरून बसायला जागा देतात. कुठल्या मधात कुठली साखर जास्त, ते फुलावर ठरतं. तिच्या माहेरी, वाईला, जांभळाचा मध यायचा, तो वर्षभर पातळ असायचा. सरसोंच्या मधात ग्लुकोज जास्त. त्यात चंदीगडची थंडी. तो जमला नाही तरच शंका घ्यायची. आणि पातळ राहिला म्हणजे चांगलाच, असंही नाही. पुष्कळदा तो नुसता तापवलेला असतो.

“छत्ते विच वी जम जांदा है, जी,” बाकावरून करनैल सिंग म्हणाला. पोळ्यातसुद्धा जमतो. इतक्या वेळात तो पहिल्यांदाच बोलला होता. “मैं तो सबको बताता हूँ. सरसों का है, जमेगा, धूप में रख देना. पूछो इनसे, बताता हूँ कि नहीं.”

“बताते हैं,” मीनाक्षी हळूच म्हणाली. “मला सांगितलं होतं. मी विसरले.”

ठाणेदाराने डोकं खाजवलं. “लिखकर देंगी आप?”

नीलाने कागद मागितला. ऑफिसचा नियम तिला आठवत होता. तिने हिंदीत लिहिलं, नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, सही केली. खाली मीनाक्षीने सही केली.

“ठीक है. शाम तक छोड़ देंगे,” ठाणेदार म्हणाला. “गाड़ी इसके गाँव से लौट आए बस.”

“गाँव से?” करनैल सिंगने विचारलं.

“तलाशी के लिए गई है. मधुमक्खियों के साठ डिब्बे खेत में पड़े हैं, आजकल डिब्बों में क्या-क्या निकलता है. देखना तो पड़ेगा.”

करनैल सिंग उठून उभा राहिला. मार खाताना तो इतका घाबरलेला दिसला नव्हता, पगडी सुटली तेव्हाही नाही. “साब, खोलना मत,” तो म्हणाला. “ठंड में खोलना मत. साब, फोन कर दो किसी को.”

नीलाही बोलली, की ह्या गारठ्यात माश्या एकमेकींना बिलगून ऊब धरतात. चौकटी बाहेर काढल्या तर मरून जातील. ठाणेदाराने खरोखरच फोन उचलला. पण गावाजवळच्या चौकीची लाइन लागली नाही. त्याने तीनदा फिरवला. श्रीरामने पुढे होऊन एक्स्चेंजमधल्या आपल्या माणसाला फोन लावला, तरी लागली नाही. शेवटी साडेचारला गाडी परत आली. बरोबर गेलेल्या शिपायाने सांगितलं, “कुछ नहीं मिला, सर. सिर्फ़ मक्खियाँ.”

करनैल सिंगला पाच वाजता सोडलं. त्याने पगडी बांधली, खूप वेळ लावून, नीट. मग कुणाकडेही न बघता पोलिसांनी ठाण्यावर आणून टाकलेली मोडकी सायकल हाताने ढकलत तो निघाला. श्रीराम मागून धावला, स्कूटरवरून सोडतो म्हणाला. त्याने ऐकलं नाही.

गुरुवारी नीलाला ऑफिसात मेमो मिळाला. अनधिकृत नमुन्याबाबत, कार्यालयाबाहेर मत दिलंत का, खुलासा करा. तिने त्याच दुपारी उत्तर टाइप केलं. होय, तीनदा दिलं. एकदा घराच्या दारात, एकदा शेजारणीच्या स्वयंपाकघरात आणि एकदा पोलिस ठाण्यात. दारात दिलेलं मत चुकीचं होतं.

“दाराचं कशाला लिहिलंस?” रात्री जेवताना श्रीराम म्हणाला. “ते कुणी विचारलंच नव्हतं.”

“कुणी विचारत नाही म्हणूनच,” नीला म्हणाली.

महिनाभराने तिला तपासणीच्या टेबलावरून काढून नमुन्यांची आवक लिहिण्याच्या टेबलावर बसवलं. तिने तक्रार केली नाही.

त्याआधी, मेमोनंतरच्या रविवारी, ती करनैल सिंगच्या गावाला गेली. श्रीराम सोबत आला. खरड सोडल्यावर दोन ठिकाणी अडवून झडती झाली. गावाबाहेर दोन्ही बाजूंना सरसों फुलली होती, पिवळीजर्द, नजर पोचेल तिथवर. बांधावर लाकडी पेट्या ओळीने होत्या. काही पेट्यांची झाकणं फुटली होती. करनैल सिंग उकिडवा बसून पत्र्याच्या पट्टीने एका पेटीचा तळ खरवडत होता. शेजारी मेलेल्या माश्यांचा ढीग होता, भाताच्या तुसासारखा.

“कितनी गईं?” नीलाने विचारलं.

“इकतालीस पेटियाँ,” तो म्हणाला. “उन्नीस बची हैं. उनमें भी जान कम है.”

तिने येताना काय बोलायचं ते जुळवलं होतं. ते सगळं विसरून ती एवढंच म्हणाली, “सरदारजी, वो बात मेरे मुँह से शुरू हुई थी. मुझसे पूछा था, मुझे पता था, और मैंने बताया नहीं.”

तो खरवडायचा थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

“क्यों नहीं बताया?”

“बस यायची होती,” असं सांगणं सोपं होतं. ती म्हणाली, “एक पल के लिए मुझे भी लगा, कि हो सकता है.”

श्रीरामने चमकून तिच्याकडे बघितलं. हे तिने त्यालाही सांगितलं नव्हतं. करनैल सिंगने हातातली पट्टी खाली ठेवली.

“दस साल से आ रहा हूँ आपके यहाँ,” तो म्हणाला. “आपकी बिटिया को पहला शहद मैंने चटाया था, उँगली से. आपके हाथ में थी.”

“हाँ,” नीला म्हणाली.

घरातून त्याची बायको स्टीलच्या ग्लासांतून चहा घेऊन आली. तिने नीलाशी एक शब्द काढला नाही, पण ग्लास तिच्या हातात नीट, कड पुसून दिला. चहा झाल्यावर नीलाने शालीची टोकं खोचली आणि दुसरी पट्टी उचलली. करनैल सिंगने तिला अडवलं नाही. पेटीचा तळ कसा खरवडायचा, मेणाचा थर कुठे राखायचा, तेवढं त्याने दाखवलं. श्रीराम रिकाम्या पेट्या उन्हात नेऊन ठेवत होता. तिघं दुपारभर काम करत राहिले. मधेच वाचलेल्या पेट्यांपैकी एकीच्या तोंडाशी पाच-सहा माश्या बाहेर आल्या, उन्हात क्षणभर थबकल्या आणि सरसोंकडे उडाल्या. करनैल सिंगने हात थांबवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि परत खाली वाकला.

चारला तो उठला. “अब जाओ जी. पाँच के बाद सड़क ठीक नहीं है.”

“अगले इतवार आएँगे ना? मैंने वहाँ सबको बता दिया है. पानी में घोलकर दिखाया है.”

“ख़रीदेंगे वो?”

नीलाने घरोघर जाऊन दाखवलं होतं, मीनाक्षी तिच्याबरोबर होती. लोकांनी पाहिलं, मान डोलावली, चहा पाजला. विकत घेऊ असं कुणी म्हटलं नव्हतं.

तो पुन्हा त्या क्वार्टर्समध्ये आला नाही. मार्चमध्ये सरसों कापली गेल्यावर नीला आणि श्रीराम परत एकदा गावाला गेले, तेव्हा बांध मोकळा होता. शेजाऱ्याने सांगितलं, हिमाचलात पांवट्याकडे बहिणीचं घर आहे, उरलेल्या पेट्या ट्रकमध्ये घालून तिकडे गेलाय. परत येईल की नाही कोण जाणे. नीलाने पत्ता विचारला. शेजाऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, श्रीरामच्या पोलिसी वाटणाऱ्या बुटांकडे पाहिलं, आणि पत्ता आपल्याला माहीत नाही म्हणाला.